टीचा एक्स-रे

नागपूरच्या एका दाताच्या डॉक्टरकडे तयार मोटारसायकल होती. चारशे सीसीची, आरसे, दिवे, स्टँड सगळं काढून टाकलेली, फक्त ट्रॅकवर पळवायची म्हणून सजवलेली. डॉक्टर परदेशी चालला होता आणि त्याला ती घाईने काढायची होती. फोनवर म्हणाला, "रविवारी या, चालवून बघा, घेऊन जा." माणूस सरळ होता. गाडीचे फोटोही मी डोळ्यांत तेल घालून पाहिले होते, नाव ठेवायला जागा नव्हती. शहाण्या माणसाने त्या रविवारी नागपूरची पहिली बस धरली असती. मी हायवेवरच्या जामला गेलो.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे मला गेल्या दोन वर्षांत इतक्या जणांना सांगावं लागलंय की आता कंटाळा येतो. दक्षिणेत मोटारसायकलींच्या शर्यतीचे बंदिस्त रस्ते आहेत. शर्यत नसते त्या दिवशी पैसे भरले की तुमच्या-माझ्यासारख्या कोणालाही तिथे आपली गाडी मनसोक्त हाणता येते. समोरून ट्रक येत नाही, वळणावर म्हैस बसलेली नसते, मधेच कोणी ट्रॉली उलटी वळवत नाही. नंबर नाही, बक्षीस नाही. एवढंच असतं, आणि तेवढ्यासाठी लोक हजार मैल जातात.

मला ते खूळ आई गेल्यावर लागलं. आई अंथरुणावर होती त्या नऊ वर्षांत मी गाडी साठच्या वर नेली नाही. मला काही झालं तर तिची कूस कोण बदलणार, एवढीच भीती. ती गेली आणि महिनाभराने हिंगणघाटहून समुद्रपूरकडे जाताना सहज काट्याकडे पाहिलं तर तो नव्वदला टेकला होता. आता घरी माझी वाट बघणारं कोणी नाही, हे मला तिथे कळलं. आनंद वगैरे काही झाला नाही. गाडी कडेला घेतली आणि हेल्मेट न काढताच रडलो.

मी हिंगणघाटात एका एक्स-रे सेंटरमध्ये फोटो काढतो. दिवसभराचं माझं बोलणं म्हणजे तीन वाक्यं: श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. कोणी विचारलंच की साहेब, हाड मोडलं का हो, तर चौथं वाक्य: रिपोर्ट डॉक्टर देतील. वीस वर्षांत मी हे चौथं वाक्य कधी मोडलं नाही. पडद्यावर चांगलं दोन बोटं सरकलेलं हाड दिसत असलं तरी नाही. लग्न झालं नाही. आधी आईचं कारण होतं, मग वयाचं. रविवारी तर संध्याकाळी दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणताना घसा खरखरायचा आणि लक्षात यायचं, आज सकाळपासून हा पहिलाच शब्द.

इंटरनेटवर ट्रॅकवाल्यांचे गट असतात. तिथे हा वाद बारमाही चालतो: गाडी तयार घ्यावी की स्वतः बांधावी? जाणते लोक एकमुखाने सांगतात, तयार घ्या. दुसऱ्याने चुका करून, पैसे घालवून बांधलेली गाडी निम्म्यात मिळते. बांधायला बसाल तर वर्ष जाईल आणि शेवटी हाती येईल ती त्याहून वाईट. अगदी खरं आहे. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात; मी घर वडिलांच्याच बांधलेल्यात राहिलो आणि लग्न केलंच नाही, तेव्हा निदान गाडी तरी बांधून पाहावी, असं मी लोकांना हसत सांगायचो. ते खोटं होतं. खरं कारण असं की तयार गाडी रविवारी आली असती आणि सोमवारची संध्याकाळ पुन्हा तशीच, रिकामी, माझ्यासमोर येऊन बसली असती.

जामच्या चौकात हैदराबादचा रस्ता सरळ जातो आणि चंद्रपूरचा फुटतो. तिथे पंक्चरच्या दुकानामागे एका मिस्त्रींचं गॅरेज आहे. अठ्ठावन्न-साठीचे गृहस्थ, जवळच्याच गावचे, शेती भाऊ बघतो. हायवेवर बिघडलेली गाडी त्यांच्याकडे यायची. मीही आधी दोनदा गेलो होतो. त्यांच्या शेडमागे एक अडीचशे सीसीची मोटारसायकल पडलेली मी पाहिली होती, ट्रकच्या मागे घुसलेली. मालकाने विम्याचे पैसे घेऊन ती त्यांनाच विकून टाकली होती.

"ते गाडी पाह्यजे मले, मिस्त्री," मी म्हणालो. "ट्रॅकवर चालवाले."

ट्रॅक म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजे जाचं कुठीच नाई. नुसतं गोल फिराचं?"

"हो."

"अन् वरून पैसे भराचे?"

"हो."

"आमचा बुढा बैल घाण्याले फुकट फिरे," ते म्हणाले आणि हसले. मग नागपूरच्या गाडीचं सांगितल्यावर गंभीर झाले. "तयार भेटून राह्यली तं घेऊन टाका ना, भाऊ. बनवाले काऊन जाता? बनवनं म्हंजे सहा महिने माहं डोकं अन् तुमचं डोकं."

त्यांना वाटलं, सहा महिने म्हटल्यावर मी घाबरेन. मला तर तेच हवं होतं.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. सेंटर सहाला बंद व्हायचं, साडेसहाला मी जामला. माझ्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची ठरलेली होती, तिचा एक पाय तारेने बांधलेला. मी नट धुवायचो, उजेड धरायचो, चहा आणायचो. मिस्त्री बोलायचे कमी, पण काम करताना स्वतःशी पुटपुटायचे आणि मधूनच मला विचारायचे, "काय म्हनता?" मी काही म्हणालेलो नसायचो. तरी विचारलं की बरं वाटायचं. ट्रॅकवर इंजिनचं तेल सांडू नये म्हणून तेलाच्या बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडून तार ओवून ठेवावी लागते. त्या एका भोकासाठी आम्ही तीन ड्रिल मोडली आणि तीन संध्याकाळी घालवल्या. तिसऱ्या दिवशी ड्रिल आरपार गेलं तेव्हा मिस्त्रींनी माझ्या पाठीवर थाप मारली, तेलकट हाताने. तो शर्ट मी चार दिवस धुवायला टाकला नाही. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, पण आता सांगतोच आहे.

थंडीत त्यांच्या डब्यात भाकर आणि वांग्याची भाजी असायची. "बसा, दोन घास घ्या," म्हणायचे. मी खाणावळीत जेवतो, मला नको म्हणायची सवयच नव्हती. पुढे पुढे डब्यात एक भाकर जास्त यायला लागली. त्यांच्या घरच्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, पण मला किती भूक लागते हे त्यांना माहीत होतं.

फेब्रुवारी संपता संपता इंजिन एका किकमध्ये लागलं. मिस्त्री खूश झाले. मी तोंडदेखलं हसलो. मग मी नसलेले आवाज ऐकायला लागलो. "मिस्त्री, आतून बारीक टकटक येते." ते कान लावायचे. "मले तं नाई येत." तरी उघडून बघायचे, पुन्हा बंद करायचे. आठवडा जायचा. अशी दोनदा इंजिनाची फुकट चिरफाड झाली. तिसऱ्यांदा टकटक म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मार्चमध्ये एका संध्याकाळी ते म्हणाले, "भाऊ, पुढच्या आयतवारी गाडी तुमची. फक्त एक शंका हाय. गाडी समोरून ठोकलेली. चिमट्याच्या टीले आतून तडा गेला असन तं बाहेरून दिसत नाई."

पुढच्या चाकाचे दोन पाय, म्हणजे चिमटा, वर ज्या जाड अॅल्युमिनियमच्या तुकड्यात पकडलेला असतो, त्याला मिस्त्री लोक टी म्हणतात. तो भरवेगात तुटला तर चाक एकीकडे आणि माणूस दुसरीकडे.

"तुमी हाडाचे फोटो काढता ना? हिचाबी एक काढून आना," ते म्हणाले. "मन साफ राह्यते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला सेंटरला जेवणाची सुट्टी झाली, डॉक्टर घरी गेले. मी टी टॉवेलात गुंडाळून टेबलावर ठेवली, लोकांचे गुडघे ठेवतो तिथे. मशीन असं वापरायचं नसतं, मला माहीत आहे. बटण दाबण्याआधी सवयीने "श्वास रोखून धरा" म्हणून गेलो आणि त्या बंद खोलीत एकटाच हसलो.

फोटो स्वच्छ आला. कुठेही तडा नव्हता. एका कडेला ओतीव कामाची फिकट शिवण दिसत होती, साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली. भेगाळलेली हाडं मी हजारोंनी पाहिली आहेत. भेग कशी दिसते आणि शिवण कशी, यात माझी गफलत होणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी मिस्त्रींनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. मला म्हणाले, "सांगा."

वीस वर्षांत मला कोणी पहिल्यांदाच, रिपोर्ट तूच दे, असं म्हटलं होतं. मी बोट ठेवलं. "हा पाहा. बारीक हाय, पण हाय."

त्यांनी त्या रेघेवरून नख फिरवलं. मग म्हणाले, "बरं झालं पाह्यलं. माह्या हातून मानूस मेला असता." ती टी त्यांनी मागच्या खिळ्याला टांगली. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. गाडी आता त्या रविवारी होणार नव्हती.

दुसरी टी शोधायला आम्ही दोघं नागपूरला गेलो. भंगाराच्या दुकानांतून दिवसभर फिरलो. सकाळी तर्री-पोहे खाल्ले, दुपारी एका कडुनिंबाखाली बसून त्यांच्या घरचा डबा खाल्ला. त्यांनी मला त्यांच्या मुलाचं सांगितलं, तो पुण्याला कंपनीत आहे, सारखा या म्हणतो. मी त्यांना आईचं सांगितलं, कूस बदलायचं, ते सगळं. कोणाला कधी सांगितलं नव्हतं. टी मिळाली नाही. येताना बसमध्ये त्यांना झोप लागली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी बुटीबोरीपासून जामपर्यंत हललो नाही. आई गेल्यापासूनचा तो माझा सगळ्यात चांगला दिवस होता, आणि तो मी खोटं बोलून मिळवलेला होता. दोन्ही गोष्टी मला त्याच वेळी कळत होत्या.

असे अजून दोन रविवार गेले. मेमध्ये टी मिळाली. पण त्याआधीच मिस्त्री बदलले होते. काम हळू करायचे, एकेक बोल्ट तीनदा बघायचे. पुटपुटणं बंद झालं होतं. एकदा एक ट्रकवाला त्याच्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक दाखवायला आला, तर म्हणाले, "समोरच्या दुकानात दाखवा." मग गावच्या एका जावयाला, मग एका शिक्षकाला असंच परत पाठवलं. ब्रेक नको, चिमटा नको. फक्त तेल बदलणं, प्लग साफ करणं. मला वाटलं, ऊन फार आहे, थकले असतील. आपल्या मतलबापुढे माणसाला दुसऱ्याचं काही दिसत नाही.

जूनच्या सुरुवातीला एका रविवारी दुपारी मी खुर्चीत बसलो होतो. मिस्त्री हात पुसत समोर येऊन उभे राहिले.

"तुमच्या गाडीचं काम समोरच्याले करून देजो म्हनलं हाय. पोळ्याले मी शटर पाडून राह्यलो, भाऊ. पुन्याले जातो पोराकडे."

"अचानक काऊन?"

"नजर गेली माही." अगदी साध्या आवाजात म्हणाले. "ते टी तुमच्याकडे देन्याच्या आंधी मी तपासली होती ना. आमची जुनी रीत हाय. डिझेलात बुडवाची, पुसाची, खडूची भुकटी लावाची. तडा असला तं तेल पाझरून पांढऱ्यावर काळी रेघ येते. दोनदा केलं, काईच नाई दिसलं. अन् तुमच्या फोटोत रेघ साफ दिसत होती. तवापासून हात भरवसा धरत नाई. चाळीस वर्सं झाले, लोकाइनं माह्या हातच्या ब्रेकवर लेकरं बसवले. आता कोनाचा जीव घेऊ काय?"

मी गप्प बसलो असतो तर ते पुण्याला गेले असते आणि मला ते कायम चांगला माणूस समजत राहिले असते. बोललो तर ते इथेच राहणार होते, पण माझे नाही. हा विचार मी तिथे खरोखर केला. किती वेळ केला, सांगता येत नाही. त्यांनी हात पुसायचं फडकं घडी करून ठेवलं तोवर.

"तडा नव्हता, मिस्त्री," मी म्हणालो.

"काय?"

"ते ओतल्याची शिवण होती. मले तवाच दिसलं होतं."

"दिसलं होतं?"

"हो."

"मंग काऊन सांगतलं?"

"गाडी झाली असती तं मी इथं रोज कायले आलो असतो?"

ते मागे गेले. खिळ्यावरची जुनी टी काढली. डिझेलच्या डब्यात बुडवली, पुसली, डब्यातला खडू कुटून तिच्यावर फासला आणि उन्हात नेऊन उकिडवे बसले. मी दारात उभा राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पांढरं पांढरंच राहिलं. ते तसेच बसून हसले, पोट धरून, आणि हसता हसता बाहीने डोळे पुसायला लागले.

"हाय म्हंजे नजर," म्हणाले. "हाय."

मीही हसलो. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तीन महिने मी झोपलो नाई. घरचीले म्हनलं, मी आंधळा झालो. तिनं पुन्याच्या पोराले फोन केला, ते रडली." मग थांबून म्हणाले, "तुमी नुसतं म्हनलं असतं, मिस्त्री, मले करमत नाई, बसतो इथं, तं मी नाई म्हनलं असतं काय? खुर्ची होतीच ना."

मला खरंच सुचलं नव्हतं की असं नुसतं बसायला मागता येतं. काहीतरी मोडलेलं असल्याशिवाय आपण कोणाकडे कसे जाणार, असंच मला वाटायचं.

गाडी त्यांनी दुसऱ्याला दिली नाही. स्वतःच पुरी केली, एका रविवारात, सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत, जेवायला न थांबता. एकेक तार बोटाने ओढून पाहिली. मला उजेड धरायला बोलावलं नाही. टेम्पोत चढवताना मागून हात दिला आणि आत निघून गेले.

सप्टेंबरात मी ट्रॅकवर गेलो. गाडी ट्रकने, मी रेल्वेने. तिथे आत सोडण्याआधी प्रत्येक गाडी तपासतात. तपासणारा माणूस माझ्या तेलाच्या बोल्टपाशी वाकला, तार पाहिली, मग चिमटा हलवून पाहिला आणि हिंदीत म्हणाला, "ये किसने बनाया? बहुत साफ हाथ है." आजूबाजूला सगळे दोघं-तिघं मिळून आलेले. कोणी कोणाचं हेल्मेट धरतंय, कोणी फोटो काढतंय. मी माझी गाडी भिंतीला टेकवून हातमोजे घातले.

चालवली. लांब सरळ रस्त्यावर काटा एकशे पन्नासच्या पुढे गेला आणि पुढचं टोक जराही थरथरलं नाही. वळणात गाडी झोपवली तेव्हा मला वाटलं होतं की आई आठवेल, किंवा मोकळं वाटेल. प्रत्यक्षात एवढंच वाटलं की हे मिस्त्रींना सांगायला हवं. प्रत्येक फेरीला तेच. चार वेळा आत सोडलं, चारही वेळा मी बाहेर येऊन हेल्मेट काढून बोलायला तोंड उघडलं आणि समोर भिंत होती. नागपूरच्या डॉक्टरची गाडी घेतली असती तर तिथे मी एकटा आलो असतो आणि एकटा परतलो असतो, वाईट काहीच वाटलं नसतं.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रोजची गाडी घेऊन जामला गेलो. पोळा होऊन गेला होता आणि शटर उघडंच होतं. समोर तीन गाड्या रांगेत, त्यातल्या दोनांचे ब्रेक खोललेले. मिस्त्री पुटपुटत होते. खुर्चीवर एक गिऱ्हाईक बसलं होतं. मी गाडी लावून उभा राहिलो. ट्रॅकवरच्या माणसाचं वाक्य मी रस्ताभर घोकत आलो होतो.

माझी पाळी आली तेव्हा त्यांनी मान वर केली. राग नव्हता चेहऱ्यावर. राग असता तर बरं झालं असतं.

"बोला. काय काम हाय?"

सगळ्यांना विचारतात तसं विचारलं. ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. मागे अजून एकजण येऊन थांबला होता.

"पुढचा ब्रेक जरा पाहून घ्या," मी म्हणालो.

त्यांनी पाहिला. अगदी नीट पाहिला. दांडी दाबली, चाक उचलून फिरवलं, कान लावला, बोट आत घालून पॅडची जाडी चाचपली, पुन्हा दाबली. मग फडक्याला हात पुसले.

"ब्रेक बरोबर हाय," म्हणाले. "काई काम नाई याच्यात."

आणि ते मागच्या माणसाकडे वळले.